आधी पौंड मोजा, डॉलर नंतर: कँडी कंपनीचा अहवाल कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: टूट्सी रोल इंडस्ट्रीज या अमेरिकन कँडी कंपनीचा 2024 चा वार्षिक अहवाल तुम्ही वाचलात. कर्ज जवळपास नाही, मूळ ब्रँड 1896 चा, विक्री 6 टक्क्यांनी घटली तरी नफा फारसा हलला नाही. तरीही या कंपनीबद्दल कुणी उत्साहानं बोलताना दिसत नाही. मग कंपनी चांगली म्हणायची की नाही? आणि आकडे सोडून तिच्या व्यवहारात आणखी काय तपासायचं?

पंचवीस-एक वर्षं मी खाण्यापिण्याच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांचे हिशेब वाचत आलो आहे. माझ्या मते तुम्ही एकात तीन प्रश्न विचारले आहेत. धंदा चांगला आहे का, तो चालवणारे नीट चालवतात का, आणि बाहेरच्या शेअरधारकाच्या पदरात त्यातलं काय पडतं? कँडीच्या धंद्यात या तिघांची उत्तरं बऱ्याचदा तीन वेगळ्या दिशांना जातात. टूट्सी रोल त्याचं चांगलं उदाहरण आहे.

सुरुवात वजनापासून करू. कँडी कंपनीची विक्री वाढली म्हणजे लोकांनी जास्त गोळ्या खाल्ल्या, असं बहुतेकजण गृहीत धरतात. पण विक्री म्हणजे वजन गुणिले दर. यातलं काय वाढलं हे कळेपर्यंत मी पुढचं पान उलटत नाही. हे मला सर्वांत स्वच्छ कळलं ते सीज कँडीजच्या आकड्यांवरून. कॅलिफोर्नियातली ही कंपनी वॉरेन बफे आणि चार्ली मंगर या गुंतवणूकदारांनी 1972 मध्ये ब्लू चिप स्टॅम्प्स या आपल्या ताब्यातल्या कंपनीमार्फत 2.5 कोटी डॉलरला घेतली. विकणारे 3 कोटी मागत होते. तेवढे मोजायला बफे तयार नव्हते, आणि आपल्या त्या कंजूषपणापायी एक उत्तम सौदा हातचा जाऊ शकला असता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं.

खरेदीच्या वेळी सीजची वार्षिक विक्री होती 3 कोटी डॉलर, 1.6 कोटी पौंड मालाची (पौंड म्हणजे इथे अमेरिकेतलं वजनाचं माप, चलन नव्हे). 2007 मध्ये विक्री होती 38.3 कोटी डॉलर आणि माल होता 3.1 कोटी पौंड. म्हणजे पस्तीस वर्षांत डॉलरमधली विक्री जवळपास तेरापट झाली, पण खपलेलं वजन दुपटीलाही पोचलं नाही. पौंडामागचा दर 1.88 डॉलरवरून 12.35 डॉलरवर गेला, साडेसहापट. ही गोष्ट 'दर वाढवण्याची ताकद' म्हणून नेहमी सांगितली जाते आणि तिथेच थांबवली जाते. मी पुढचा भागाकार करतो. त्याच काळात अमेरिकेतली सर्वसाधारण महागाई सुमारे पाचपट झाली होती. महागाई वजा केली तर सीजची दरवाढ वर्षाला एक टक्क्याच्याही आत येते. जादू वाटावी असं त्यात काही नाही. पण ही छोटीशी वाढ पस्तीस वर्षं न चुकता करता आली, आणि गिऱ्हाईक पळालं नाही. कच्चा माल आणि मजुरी महागाईइतकीच वाढत असेल, तर त्यावरचा तो एक टक्का जवळजवळ अख्खा नफ्यात उतरतो. करपूर्व नफा 50 लाख डॉलरच्याही आत होता, तो 8.2 कोटींवर गेला.

आणि एवढ्या वाढीसाठी भांडवल किती लागलं? 1972 मध्ये धंद्यात 80 लाख डॉलर गुंतलेले होते, 2007 मध्ये 4 कोटी. मधल्या पस्तीस वर्षांत जास्तीचे फक्त 3.2 कोटी घालावे लागले आणि एकूण करपूर्व नफा मिळाला 135 कोटी. याचं कारण अगदी दुकानदारी आहे. माल स्वतःच्या दुकानातून रोखीनं विकला जातो, त्यामुळे येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे, जवळपास नाहीत. माल बनतो आणि लगेच खपतो, त्यामुळे साठा कमी. साखरेचे खाणार त्याला देव देणार असं म्हणतात, इथे देव मालकाला देत होता.

आता हीच फूटपट्टी टूट्सी रोलला लावू. पहिली अडचण अशी की कंपनी किती पौंड माल खपला ते छापत नाही. अशा वेळी व्यवस्थापनाच्या टिप्पणीतली वाक्यं शब्दाशब्दानं वाचायची: विक्री 'दरवाढीमुळे' वाढली की 'प्रमाणामुळे', कुठला शब्द आधी आलाय आणि कुठला वगळलाय. त्यानंतर दहा-बारा वर्षांचे आकडे एका ओळीत मांडायचे. 2012 मध्ये विक्री 54.6 कोटी डॉलर होती, 2018 मध्ये 51.5 कोटी. सहा वर्षांत महागाई वाढत गेली आणि विक्री डॉलरमध्येही आकसली. वजनाचा आकडा नसला तरी अर्थ उघड आहे: दर वाढले असतील तर माल कमी खपला, माल तेवढाच खपला असेल तर दर वाढवता आले नाहीत.

मग चित्र पालटलं. 2020 च्या खड्ड्यानंतर विक्री 2023 मध्ये 76.3 कोटींवर पोचली. 2018 च्या तुलनेत दीडपट, महागाईपेक्षा कितीतरी जास्त. इथे नवा वाचक खूश होतो. मी नफा काढून पाहतो: 2018 मध्ये 5.7 कोटी, 2023 मध्ये 9.2 कोटी. शंभर डॉलरच्या विक्रीमागे तेव्हा 11 डॉलर उरत होते, आता 12. म्हणजे वाढलेल्या दराचा बहुतेक भाग साखर, कॉर्न सिरप, कोको, वेष्टन आणि मजुरी यांच्याच मागे धावला. शिवाय त्या 12 मध्ये कंपनीकडे साठलेल्या रोख्यांवरचं व्याजही आहे, आणि 2022 नंतर अमेरिकेत व्याजदर वर गेले होते. कँडीतून काय मिळालं ते पाहायचं तर कामकाजाच्या नफ्याची ओळ धरा, सर्वांत खालची नव्हे.

2024 चा तुमचा प्रश्न याच रांगेत बसतो. विक्री 71.5 कोटींवर आली, नफा 8.7 कोटींवर. टक्केवारी 12 च्या आसपासच राहिली. 'विक्री घटूनही नफा टिकला' याचा अर्थ कंपनीनं खर्च आवरला असा होऊ शकतो, आधी केलेली दरवाढ आता पूर्ण वर्षभर लागू झाली असा होऊ शकतो, किंवा गुंतवणुकीच्या उत्पन्नानं हात दिला असाही. तिन्हींचा थोडा थोडा वाटा असतो. पण विक्रीत 6 टक्के घट, तीही दर चढे असताना, याचा अर्थ वजन त्याहून जास्त घटलं. गिऱ्हाइकानं दरवाढीला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते अहवालातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा बोलकं आहे.

ढोबळ नफ्याकडे (विक्री वजा माल बनवण्याचा खर्च) वळण्याआधी लिफोची गाठ सोडवावी लागेल. टूट्सी रोल आपल्या अमेरिकेतल्या साठ्याचं मूल्य लिफो पद्धतीनं काढते, म्हणजे शेवटी आलेला माल आधी खपला असं धरते. कच्चा माल महाग होत असताना या पद्धतीत ताजा, महाग खर्च लगेच नफ्यातून वजा होतो. नफा कमी दिसतो, करही कमी बसतो, आणि ताळेबंदात साठा जुन्यापान्या दरानं पडून राहतो. हे सावध हिशेबाचं लक्षण आहे, मला आवडतं. पण स्वित्झर्लंडमधल्या लिंट अँड श्प्रुंग्ली या चॉकलेट कंपनीशी तुलना करायला गेलात तर फसाल. तिथले हिशेब ज्या आंतरराष्ट्रीय मानकांनी होतात त्यात लिफोला बंदी आहे. त्यामुळे दोन्ही कंपन्यांना साखर एकाच वेळी महाग मिळाली तरी फटका वेगवेगळ्या तिमाहीत दिसतो. टिपांमध्ये लिफोचा राखीव आकडा, म्हणजे या पद्धतीमुळे साठा किती कमी किमतीचा दिसतो तो फरक, दिलेला असतो. तो या वर्षी किती बदलला ते पाहून तुलना करायची.

कोकोचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. टूट्सीच्या मालात कोको तुलनेनं कमी, म्हणून इथे हर्शी या मोठ्या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं उदाहरण घेतो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात 2023 च्या सुरुवातीला कोको टनाला साधारण 2,500 डॉलर होता, डिसेंबर 2024 मध्ये तो 12,000 च्या वर गेला. पश्चिम आफ्रिकेत पीक कोसळलं, झाडांना रोग, झाडं म्हातारी, पाऊस अवेळी. आता सांगा, अशा वर्षी हर्शीचा नफा वाढेल की घटेल? 2024 मध्ये प्रतिशेअर जाहीर नफा 9.06 डॉलरवरून 10.92 वर गेला. वीस टक्के वाढ! आणि कंपनीनंच दिलेला 'समायोजित' नफा 9.59 वरून 9.37 वर घसरला.

एरवी 'समायोजित' हा शब्द दिसला की मी भुवया उंचावतो. कंपन्या नको असलेला खर्च त्या शब्दाच्या पडद्यामागे ढकलतात. इथे उलटं आहे. हर्शीनं पुढच्या काळासाठी कोकोचे वायदे, म्हणजे आज ठरलेल्या दरानं पुढे माल घेण्याचे करार, आधीच घेऊन ठेवले होते. कोको चढला तसे ते करार फायद्यात आले, आणि हिशेबाच्या नियमांप्रमाणे तो कागदी फायदा त्याच वर्षी नफ्यात दाखवला गेला. पण त्या कोकोची चॉकलेटं अजून बनायची होती. समायोजित आकड्यात हा फायदा तात्पुरता बाजूला ठेवतात आणि माल विकला जाईल तेव्हा खर्चातून वळता करतात. धंद्याची प्रकृती कळायची तर 9.37 बघायला हवं. तेव्हा चॉकलेट कंपनीबाबत माझी सवय अशी: कोकोचा आजचा भाव सोडून द्यायचा, आणि कंपनीनं किती महिन्यांची सोय आधी केली आहे, ती कधी संपते, हे शोधायचं. दणका त्या तारखेनंतर बसतो, आणि तोवर वायदे बाजारात भाव उतरूही लागलेला असतो. मग लोक विचारतात, कोको स्वस्त झाला तरी नफा का घटतोय.

टूट्सीच्या हिशेबात आणखी तीन जागा आहेत जिथे पहिल्यांदा वाचणारा अडखळतो. एक, अधिकाऱ्यांचं पुढे ढकललेलं वेतन. त्या देण्याच्या बरोबरीची रक्कम कंपनी म्युच्युअल फंडात गुंतवते. शेअर बाजार चढला की 'इतर उत्पन्न' फुगतं आणि तेवढाच विक्री व प्रशासनाचा खर्चही फुगतो. निव्वळ परिणाम शून्य. पण फक्त खर्चाची ओळ पाहणारा म्हणतो, बघा, व्यवस्थापन उधळपट्टी करतंय. बाजार पडलेल्या वर्षी तोच म्हणतो, छान काटकसर केली. दोन्ही वेळा त्यानं कँडीऐवजी शेअर बाजाराचा आलेख वाचलेला असतो.

दोन, ताळेबंदातले ट्रेडमार्क, सुमारे 17.5 कोटी डॉलर. ही किंमत मुख्यत्वे विकत घेतलेल्या ब्रँडांची. टूट्सीनं 1988 मध्ये चार्म्स घेतली, 1993 मध्ये ज्युनिअर मिंट्स, शुगर डॅडी वगैरे, 2000 मध्ये अँडीज, 2004 मध्ये डबल बबल बनवणारी कॉनकॉर्ड. पण घरच्या घरी वाढलेल्या खुद्द टूट्सी रोल या नावाची किंमत त्यात धरलेलीच नाही. भांडवलावरचा परतावा काढताना हे ध्यानात ठेवा: खरेदीच्या जोरावर वाढलेली कंपनी स्वतः ब्रँड वाढवणाऱ्या कंपनीपेक्षा कागदावर नेहमीच दुबळी दिसते.

तीन, कामगारांचा पेन्शन फंड. बेकरी आणि मिठाई कामगारांच्या संघटनेच्या, अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेल्या फंडात टूट्सी वर्गणी भरते. तो फंड वर्षानुवर्षं तोट्यात होता. उद्या कंपनी बाहेर पडली तर तिच्या वाट्याची तूट तिनं भरायची, आणि ही जबाबदारी ताळेबंदात नसते, टिपेत असते. सरकारी पेन्शन हमी संस्थेच्या अर्थसाहाय्यानंतर या फंडाची तातडीची काळजी कमी झाली आहे. तरी 'कर्ज जवळपास नाही' असं म्हणण्याआधी ती टीप वाचलेली असावी, इतकंच.

आता हंगाम. अमेरिकन कँडीचा खरा सण हॅलोविन, 31 ऑक्टोबरचा. म्हणून टूट्सीची सर्वांत मोठी तिमाही तिसरी, जुलै ते सप्टेंबर. कारण त्या काळात माल दुकानदारांकडे रवाना होतो. तिमाही तिमाहीशी लावायची तर मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेवढं पुरत नाही. मी एकदा याच खड्ड्यात पडलो. एका मिठाई कंपनीची तिसरी तिमाही जोरदार निघाली, मी ग्राहकांना खरेदीचा सल्ला दिला. चौथ्या तिमाहीत विक्री धाडकन खाली. झालं एवढंच होतं की दुकानदारांनी त्या वर्षी ऑर्डर दोन आठवडे आधी दिल्या होत्या. सप्टेंबरअखेरची येणी विक्रीपेक्षा बरीच जास्त वाढली होती, आकडा माझ्या समोर होता, मी पाहिला नाही. तेव्हापासून मी तिसरी आणि चौथी तिमाही जोडून एकच आकडा करतो, आणि येणी व साठा या दोन ओळी विक्रीच्या आधी वाचतो.

हंगाम हुकला तर काय होतं हे हर्शीनं 1999 मध्ये दाखवलं. 11.2 कोटी डॉलरची नवी संगणक प्रणाली जुलैमध्ये एकाच दमात सुरू केली, म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डर येण्याच्या ऐन तोंडावर. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत कोंबलेलं. गोदामात माल होता, पण तो कुठे आहे आणि कुणाला पाठवायचा हे प्रणालीला उमगेना. सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डर पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला. नोव्हेंबरात हॅलोविनची कँडी कोण घेणार? म्हणून कँडी कंपनी कारखाना हलवणार, गोदाम बदलणार किंवा नवी प्रणाली आणणार असं वाचलं, की माझा पहिला प्रश्न असतो: कुठल्या महिन्यात?

व्यवहार तपासायचे म्हणता, तर पुन्हा वजनाकडेच या. कँडीत दर वाढवायचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे किंमत तीच ठेवून वजन कमी करणं. हर्शीचा पाच सेंटचा बार 1969 पर्यंत पाच सेंटलाच मिळत होता. कोकोच्या भावाप्रमाणे बारचं वजन बदलत राहिलं. हे तेव्हा कुणाला फारसं खुपलं नाही. 2016 मध्ये टोब्लेरोन या त्रिकोणी तुकड्यांच्या चॉकलेटनं ब्रिटनमध्ये 400 ग्रॅमचा बार 360 वर आणला, तेही दोन त्रिकोणांमधली फट रुंद करून, तेव्हा मात्र हसं झालं आणि दोन वर्षांनी जुना आकार परत आणावा लागला. मला यातून कळलं ते असं: गिऱ्हाइकाला वजनाचा छापील आकडा दिसत नाही, आकार लगेच दिसतो. टूट्सीवरही ज्युनिअर मिंट्सचे डबे अर्धवट रिकामे असतात म्हणून दावा झाला होता. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयानं 2018 मध्ये तो फेटाळला. डब्यावर वजन छापलेलं आहे, आत किती गोळ्या आहेत हे त्यावरून काढता येतं, असं न्यायाधीशांचं म्हणणं. कायद्यानं कंपनी सुटली. विश्लेषक म्हणून मी एवढंच टिपतो की वजन कमी करणं ही एकदोनदाच उचलता येणारी रक्कम आहे. डबा किती वेळा हलका करणार?

दुसरी गोष्ट गिऱ्हाईक कोण. आपण समजतो लहान मुलं. हिशेबात गिऱ्हाईक आहे वॉलमार्ट ही अमेरिकन दुकानसाखळी. टूट्सीच्या विक्रीचा पाचव्या हिश्शाहून मोठा भाग एकट्या वॉलमार्टकडे जातो. हर्शीच्या विक्रीचा साधारण चौथा हिस्सा मॅक्लेन या घाऊक वितरकामार्फत जातो, आणि गंमत म्हणजे ही मॅक्लेन बफेंच्याच बर्कशायर हॅथवेची. दहा टक्क्यांहून मोठ्या गिऱ्हाइकाची माहिती अमेरिकेत द्यावीच लागते, म्हणून हे आपल्याला कळतं. सीजकडे स्वतःची दुकानं होती, दर ती ठरवत होती. टूट्सीला दर वाढवायचा तर आधी वॉलमार्टच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर बसावं लागतं. दुकानदाराला दिलेली सूट, जाहिरातीतला वाटा, परत आलेला माल हे सगळं विक्रीच्या आकड्यातून आधीच वजा झालेलं असतं, आणि त्यातला बराच भाग अंदाज असतो. अंदाज बदलला की विक्री बदलते. त्या टिपेवरून नजर फिरवा.

मोठ्या कंपन्यांत दंडाची प्रकरणंही वाचावीत. कॅनडात 2013 मध्ये हर्शीच्या कंपनीनं दर संगनमतानं ठरवल्याची कबुली देऊन 40 लाख कॅनेडियन डॉलर दंड भरला. युरोपीय आयोगानं 2024 मध्ये माँडलीझ या खाद्यपदार्थ कंपनीला 33.75 कोटी युरोचा दंड केला, कारण तिनं चॉकलेट, बिस्किटं आणि कॉफीच्या व्यापाऱ्यांना एका देशातला स्वस्त माल दुसऱ्या देशात नेण्यापासून अडवलं होतं. रक्कम या कंपन्यांना जड नाही. पण 'दर वाढवण्याची ताकद' म्हणून आपण जिचं कौतुक करतो तिच्यातला काही भाग कुठून येतो, ते अशा निकालांत दिसतं.

आणि कोकोचा शेतकरी. जगातला सुमारे 60 टक्के कोको कोट दिव्हार आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधन संस्थेनं 2020 मध्ये या दोन देशांत 15.6 लाख मुलं कोकोच्या शेतात कामाला आहेत असा अंदाज मांडला. बालमजुरी संपवण्याचा उद्योगाचा लेखी करार 2001 चा आहे. हा मुद्दा अनेकजण 'नीतिमत्ता' या कप्प्यात टाकून पुढे जातात. मी तो खर्चाच्या कप्प्यातही ठेवतो. शेतकऱ्याला वर्षानुवर्षं इतकं कमी मिळालं की त्यानं नवी झाडं लावली नाहीत, खतं घातली नाहीत. 2024 चा भाव वर आला त्यामागे हवामान आणि रोग तर होतेच, पण ही उपासमारही होती. वीस वर्षं स्वस्तात घेतलेल्या कोकोचं बिल उशिरा आलं.

राहिला तिसरा प्रश्न, तुमच्या पदरात काय पडतं. टूट्सीत दोन प्रकारचे शेअर आहेत. साध्या शेअरला एक मत, ब वर्गाच्या शेअरला दहा. ब वर्गाचा शेअर बाजारात विकला जात नाही, आणि बहुमत गॉर्डन कुटुंबाच्या हाती आहे. हर्शीतही असंच, तिथे मतांची किल्ली मिल्टन हर्शी स्कूलच्या विश्वस्त संस्थेकडे आहे. 2002 मध्ये रिग्ली या च्युइंगगम कंपनीनं हर्शीसाठी सुमारे 1,250 कोटी डॉलर देऊ केले होते. हर्शीचं गाव रस्त्यावर उतरलं, राज्याचे महाधिवक्ता कोर्टात गेले, आणि विश्वस्तांनी 10 विरुद्ध 7 मतांनी विक्री रद्द केली. बाहेरच्या शेअरधारकाला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

टूट्सीचं वैशिष्ट्य म्हणजे दरवर्षी 3 टक्के बोनस शेअर. अनेक दशकं हे न चुकता चालू आहे. यावर दोन टोकाची मतं ऐकाल. एक म्हणतो फुकट शेअर मिळतात, दुसरा म्हणतो पोळीचे शंभराऐवजी एकशे तीन तुकडे केले, पोळी तेवढीच. दुसरा बरोबर आहे, पण पूर्ण नाही. कंपनी प्रतिशेअर रोख लाभांश दर तिमाहीला 9 सेंट ठेवत आली. शेअर 3 टक्क्यांनी वाढले आणि दर तोच, म्हणजे तुमचा रोख लाभांश दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढला. एवढाच खरा फायदा. 2024 ला प्रतिशेअर नफा 1.22 डॉलर, लाभांश 36 सेंट. उरलेल्यातून कारखाने, थोडी शेअर पुनर्खरेदी, आणि मोठा भाग रोख्यांत. कर्जमुक्त ताळेबंदाचं तुम्हाला वाटलेलं कौतुक इथे थोडं उतरतं. साखरेवर कमावलेला पैसा रोख्यांवर बसवून ठेवला की धंद्याचा उत्तम परतावा पातळ होतो. सीजमध्ये जास्तीचा पैसा बफे दुसरीकडे न्यायचे आणि नव्या कंपन्या घ्यायचे. टूट्सीनं शेवटची मोठी खरेदी केली त्याला वीस वर्षं उलटली.

तेव्हा माझं मत: धंदा चांगला, पण सीजइतका नाही, कारण दुकान दुसऱ्याचं आहे. हिशेब सावध आणि कंटाळवाणे, यात मी दोष मानत नाही. तिमाही निकालानंतर विश्लेषकांशी फोनवर न बोलण्याची कंपनीची रीतही मला खटकत नाही, तशा फोनवर फारसं ऐकायला मिळत नाही. मी स्वतः हा शेअर कधी घेतला नाही, कारण ज्या किमतीला तो सहसा मिळतो तिच्यात 'कधीतरी कुणी मोठी कंपनी येऊन हिला विकत घेईल' ही आशा मिसळलेली असते.

ती आशा किती जुनी आहे ते सांगतो. जानेवारी 2015 मध्ये अध्यक्ष मेल्विन गॉर्डन वयाच्या 95 व्या वर्षी गेले. बातमी आली त्या दिवशी शेअर उसळला: आता कंपनी विकली जाणार, असा अनेकांचा हिशेब. त्यांच्या पत्नी एलेन गॉर्डन यांनी अध्यक्षपद घेतलं आणि कंपनी कुटुंबाकडेच राहिली. त्या दिवशी ज्यांनी शेअर घेतले त्यांना मोठा खरेदीदार काही मिळाला नाही, 3 टक्के बोनस मात्र दरवर्षी वेळेवर येत राहिला.